दोन रिंगा

सांगलीला निघालो त्या सकाळीसुद्धा जमीन हललीच. कोयनानगरच्या आमच्या कॉलनीत त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. मांडणीतली भांडी खणखणली, तशी ओळीतली सगळी माणसं रिवाजाप्रमाणे अंगणात आली. माझे वडील धरणावर फिटर. ते घरागणिक नावं घेऊन हाक मारायचे आणि ज्याचं नाव त्याने आपल्या तोंडाने "हाय" म्हणायचं. एकाने दुसऱ्याच्या वतीने म्हटलेलं त्यांना चालत नसे. "ज्याचा जीव, त्यानंच सांगायचं," असं ते दरडावत. मी बॅग खांद्याला लावून "हाय" म्हणालो आणि तसाच एसटीत जाऊन बसलो. आईने खिडकीतून दशम्यांचं फडकं आत सरकवलं. "तिकडं जमीन हलत न्हाई म्हनं," ती म्हणाली. "इसरशील आमाला."

कॉलनीतल्या तुमच्यापैकी बरेच जण असेच निघालात, कुणी पुण्याला, कुणी पार गुजरातेत. मला हळदीच्या अडत दुकानात दिवाणजीची नोकरी लागली. वडील वारले, क्वार्टर सोडावी लागली, तरी आईने कोयनानगर सोडलं नाही. स्टँडजवळ खोली घेऊन ती एकटी राहिली. मी कितीदा बोलावलं. "तुज्या सांगलीत हाक मारली तर शेजारीन दार लावून घेती," एवढं एकच उत्तर.

धक्का बसला की ती स्टँडवरच्या शंकरमामांच्या एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावायची. पण सौद्याच्या वेळी आमचा फोन सतत गुंतलेला. मग दिवसभर माझं कामात लक्ष लागायचं नाही, पावत्या चुकायच्या. शेवटी शेठजी वैतागले आणि नवा मोबाइल घेतल्यावर जुना, विटेएवढा जड, माझ्या हातात ठेवून मोकळे झाले.

आता प्लॅन घ्यायचा होता. त्या काळी आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, हे आज मुलांना सांगितलं तर त्यांना थाप वाटते. दुकानातला टाय लावलेला पोरगा एकेक पत्रक पुढे सरकवत होता. एकात महिन्याचं भाडं जास्त आणि बोलणं स्वस्त, एकात भाडंच नाही पण बोलणं महाग, कार्ड भरायचं नि वापरायचं. महिन्याला किती बोलता, असं त्याने विचारलं. मला सांगता येईना. पत्रकं घेऊन मी रविवारी आईकडे गेलो.

तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि चुलीशेजारी ठेवली. "बोलायचं कशाला? मी दोन रिंगा दीन आन् ठिवीन. तू उचलू नगंस. मी हाय, एवडंच कळवायचं न्हवं?"

मी कार्डाचा प्लॅन घेतला आणि दोन रिंगांचं सांगितलं. "म्हणजे तुम्ही फोन उचलणारच नाही?" पोरगा हसला. आपल्या गरजेला इतका चपखल बसणारा प्लॅन उभ्या सांगलीत कुणाला मिळाला नसेल, असं मला वाटलं.

आणि तो चाललाही चांगला. ढिगाभोवती व्यापारी ओरडत असायचे, खिशात दोन रिंगा वाजायच्या, पडद्यावर बूथचा नंबर दिसायचा आणि बंद व्हायचा. मग मी पुन्हा पावत्या लिहायला लागायचो.

शेवटच्या वेळी दुपार होती. दुकानातला टांगता काटा उगाच झुलायला लागला, तेव्हा मी ओळखलं. थोड्या वेळाने दोन रिंगा आल्या आणि मी डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नंबर वाजायला लागला आणि थांबेचना. मी उचलला. शंकरमामा होते. "निघ गड्या. आई गेली."

घाईने बाहेर येताना ती उंबऱ्यात पडली होती, डोक्याला मार लागला होता. मामा तिला गाडीत घालून कऱ्हाडला न्यायला निघाले, तर ती आधी त्यांनाच बूथमध्ये पाठवायला लागली. "मी म्हनलं, पोराला बोलावून घिऊ," मामा रडत सांगत होते. "तर म्हनली, आदी दोन रिंगा द्या. त्येची जेवायची येळ हाय, ताटावरनं उठंल." रात्रभर तिने मला कळवू दिलं नाही. पहाटे कऱ्हाडच्या दवाखान्यात तिचा जीव गेला आणि तिला घरी आणून मामांनी फोन लावला. सांगलीहून कऱ्हाड एसटीने जेमतेम दोन तासांवर, हे तुम्हाला सांगायला नको.

आता येणाऱ्या फोनचे पैसे पडत नाहीत. माझा फोन वाजला की मी पहिल्या रिंगेला उचलतो, बायको त्यावरून चिडवते. जमीन जराशी हलल्यासारखी वाटली तरी मी सगळ्यांना दाराबाहेर काढतो आणि नावं घेतो. मुलं हसत "आहे, आहे" म्हणतात. माझं नाव घेणारं मात्र आता कुणी नाही. घर म्हटलं की मला ते अंगण आठवतं आणि पोरकं वाटतं.

वडिलांचा नियम आईने जन्मात एकदाच मोडला, आपलं ‘हाय’ दुसऱ्याकरवी कळवलं, माझा घास घशात अडकू नये म्हणून. त्या दुपारी मी पोटभर जेवलो होतो.