माझी कोंबडी सारखी हरते

आठ महिने मी सांगत होते, ह्या खेळात खोट आहे. कुणाचा विश्वास बसला तर शपथ. "हरणारे असंच म्हणतात," एवढंच ऐकायला मिळालं.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा टेनिसचा व्हिडिओ गेम इथं घरीच, सुभानपुऱ्यात राहिला. तेव्हापासून रोज दुपारी तीनला आम्ही तिघी माझ्याकडे खेळतो. मी, शेजारच्या जशुबेन आणि वरच्या मजल्यावरच्या वसुधाताई. रोज खेळायचं म्हटल्यावर रोज काहीतरी घडणारच. साठलंय ढीगभर, थोडं सांगते.

आधी नियम. टीव्हीत बशीएवढ्या डोळ्यांची जनावरं असतात. आपण एक घ्यायचं, हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा आणि समोरच्या अस्वलाशी खेळायचं. जिचे पॉइंट सगळ्यात कमी, तिनं चारचा चहा करायचा. मी कोंबडी घेते. चहाही मीच करते.

*

जशुबेन गाय घेतात. आधी तिला नमस्कार, मग सर्व्हिस. त्यांचं मत असं, "गेम सरस छे, पण गायला फार दोडावे छे, दमते बिचारी." एकदा त्यांनी टीव्हीपुढे तूप लावलेली पोळी आणून ठेवली.

मी म्हटलं, "जशुबेन, मुंग्या लागतील."

"तो शुं, बिचारी उपाशी खेळणार?"

*

वसुधाताई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना खेळ आवडतो, हिशेब पटत नाही. "पंधरा, तीस, मग पंचेचाळीस हवेत. चाळीस कुठून आले?" म्हणून त्यांनी गेमवाल्या कंपनीला पत्र लिहिलं. माझ्या मुलाकडून इंग्रजी करून घेऊन पाठवलं.

महिन्याभरानं उत्तर आलं, सूचनेबद्दल आभारी आहोत.

वसुधाताई ते सोसायटीभर दाखवत फिरल्या. "बघा, चूक कबूल केली."

*

पंच म्हणून एक घुबड बसतं. एकदा माझा बॉल धडधडीत रेषेवर पडला आणि ते आउट म्हणालं. मी त्याला असं झापलं, की खालून वॉचमन वर आला.

वसुधाताई म्हणाल्या, "कमलताई, ते कार्टून आहे. त्याला ऐकू येत नाही."

"आणि तुम्हाला येतं?" मी म्हटलं. "आठ महिने सांगतेय ना, खोट आहे म्हणून?"

*

आमचे सासरे, मामंजी, रेल्वेतून रिटायर झालेले. खेळ चालू असताना खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत बसतात. एकदा जशुबेननी त्यांनाही मत विचारलं.

"घाम येत नाही त्याला खेळ म्हणत नाहीत," म्हणाले, आणि पान उलटलं.

*

गेल्या मंगळवारी मात्र माझं डोकं फिरलं. मी माझं नाव सोडून जशुबेनच्या नावावर खेळले. कोंबडी तीच, हात तोच. अस्वलाला एकही पॉइंट मिळू दिला नाही.

मी तिथल्या तिथं मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीपुढे धरला. त्यानं हे दाब, ते दाब करून आत नेलं.

"आई, त्या दोघींच्या नावापुढे 'सोपं' आहे. तुझ्या नावापुढे 'कठीण'."

मी वळले. जशुबेननी गळ्याला हात लावून शपथ घेतली. वसुधाताई म्हणाल्या, "मी केलं असेल तर माझं पेन्शन बंद होवो." मी म्हटलं, "दोघींपैकी एक खोटं बोलतेय. उद्यापासून माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. कुणीच." जशुबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पिशवी उचललीसुद्धा.

"आई, थांब," फोनमधून मुलगा म्हणाला. "त्यांना कशाला? मला घरूनच फोन आला होता, एकट्या आईचं कठीण कसं करायचं म्हणून. त्या दोघींच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही, असं कारण सांगितलं."

तिघी एकदम वळलो. खिडकीपाशी कुणी नव्हतं. दाराशी, आवाज न करता चपला घालत होते आमचे मामंजी.