निनोंग देल्फिनचा हात

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात नर्स एकच, देल्फिन. पण त्याला नर्स म्हणून कोणी हाक मारत नाही. निम्म्या गावाच्या बाप्तिस्म्याला हाच धर्मबाप म्हणून उभा राहिलाय, त्यामुळे तो सगळ्यांचा निनोंग. आणि निनोंग दिसला की आशीर्वादासाठी त्याचा हात धरून आपल्या कपाळाला लावायचा. चर्चमध्ये लावा, बाजारात लावा, तो दात घासत असला तरी लावा. त्याला हे इतकं आवडतं ना, की समोरून कोणी येताना दिसलं की हात आपोआप पुढे येतो, फाटकाच्या दांड्यासारखा.

आता तो जखमेचं ड्रेसिंग कसं करतो ते बघा. कोपरापर्यंत साबण लावून हात धुणार, इतका वेळ की बाकावरच्या बायका जांभया देतात. मग गाऊन, टोपी, मास्क, वर तोंडापुढे प्लास्टिकची काच. निर्जंतुक हातमोज्यांचं पाकीट असं उघडणार, जणू आत चर्चमध्ये जपलेलं एखाद्या संताचं हाड आहे! मग फोटो. फेसबुकवर टाकायला नको?

आणि एवढं सगळं करून माझ्या तिया इसिंगच्या पायातला पू काही थांबेना.

तिया म्हणजे माझी मावशी. बिबिंका विकते, खाली कोळसे वर कोळसे ठेवून भाजलेला तांदळाचा केक. तिला डायबेटिस आहे. चपलेचा पट्टा लागून जखम झाली, एक बोट गेलं, आणि शहरातल्या डॉक्टरनं सरळ सांगितलं, पुन्हा चिघळलं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. मी सुट्टीत घरी आले, पट्टीचा वास आला आणि मला रडूच फुटलं. पाय गेला तर ही बाई चुलीपाशी उभी कशी राहणार?

दुसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन गेले. चुलीवरून थेट, हातसुद्धा धुऊ दिले नाहीत. निनोंगचा सगळा साज चढला, पट्टी सुटली, आणि दारात तीनचाकीवाला रोदेल. सवाऱ्यांची चिल्लर मोजून आलेला.

"निनोंग, आशीर्वाद द्या!"

आणि गेला हात पुढे! हातमोज्यासकट! रोदेलनं धरला, घामेजल्या कपाळाला टेकवला. मागून मासळीवाली लुर्देस, तिनंही टेकवला. "देव भलं करो," म्हणत निनोंगनं त्याच हातानं गॉज उचललं.

मी ओरडलेच. "निनोंग! हातमोजे बदला आधी!"

"का गं? आत्ताच तर घातले."

"रोदेलचं अख्खं कपाळ लागलंय त्यांना! आणि मासे!"

"मग काय लेकरांना हात द्यायचा नाही? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?"

"शहरात राहून बिघडली पोरगी," रोदेल म्हणाला. हा रोदेल! बाकावरच्या बायकाही माना हलवायला लागल्या. मी आता काहीतरी भयंकर बोलणार होते, तेवढ्यात तियानं पाय मागे ओढून घेतला.

"देल्फिन, तू माझा आशीर्वाद घेतलाच नाहीस."

बाकावरच्या माना हलायच्या थांबल्या. कारण देल्फिनच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला कोण उभं होतं? तिया! तिनं हात पुढे केला, कोळशानं काळाकुट्ट. आता नाही म्हणायची सोय नाही. बिचाऱ्यानं धरला, वाकला, आणि टक्कन काचेवर आपटून घेतला. पांढरे हातमोजे काळे, काचेवर काळा पंजा, आणि आत निनोंग डोळे मिचकावतोय.

"घाल आता हा हात माझ्या पायात," तिया म्हणाली. "घाल की! रोज असाच घालतोस. रोदेलला कोळसा लागलेला नसतो, म्हणून दिसत नाही एवढंच."

बाकावरून असा हशा आला! रोदेल आपले हात पँटला पुसायला लागला. निनोंगनं मोजे काढले, हात धुतले, नवे घातले, आणि दार आतून लावलं. फोटो काढला नाही.

हळूहळू पू थांबला. नाताळापर्यंत जखम स्वच्छ होऊन भरत आली आणि तिया बंद बूट घालून पुन्हा चुलीपाशी. निनोंगनं काय केलं माहितीये? फेसबुकवर टाकलं, 'ड्रेसिंग करताना कोपराला कपाळ लावा, ही माझी नवी पद्धत.' त्याची म्हणे! वर शंभर जणांनी टाळ्या वाजवल्या.

काल तो बिबिंका घ्यायला आला, साध्या शर्टात. रोदेल पुढे झाला, आणि निनोंगचं कोपर आपोआप वर आलं.

"हात दे रे त्याला," तिया चुलीमागून ओरडली. "इथे कोणाचा पाय वाचवायचाय?"