हिरव्या दाराचा हार्वेस्टर

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावर बंद पडलेलं शेतीचं यंत्र सहसा कोणी भंगारात देत नाही. झाडांच्या रांगेमागे नेऊन उभं करतात आणि लागेल तसा त्याचा एकेक भाग काढून दुसऱ्या यंत्राला लावतात. उन्हाळ्यात खांद्याएवढ्या गवतात ही यंत्रं दिसतही नाहीत. हिवाळ्यात मात्र सगळं उघडं पडतं, म्हणून शहात्तर वर्षांची ओडार्का बाबियुक उणे तीसच्या थंडीत फोटो काढत हिंडायची. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलंय. डोकं फिरलं होतं ते तिच्या नवऱ्याचं, नेस्टरचं, आणि तेही बिचाऱ्याच्या हातात नव्हतं.

नेस्टर तीन वर्षं गावातल्या वृद्धाश्रमात होता. आधी नातवंडं विसरला, मग मुलगा, आणि गेल्या शरदात ओडार्काही. पण गंजक्या यंत्राचा फोटो पुढे धरला की गडी खुलायचा. कोणाचं, कधी घेतलं, कुठे मोडलं, सगळं घडाघडा सांगायचा. पहिल्या हिवाळ्यात तिने चौदा फोटो दाखवले, त्याने बारा ओळखले. या हिवाळ्यात जेमतेम तीन. ओडार्काचा धीर सुटत चालला होता. तरी स्वतःच्या हार्वेस्टरचा फोटो तिने मुद्दाम शेवटी काढायचा ठेवला होता. त्यावर बसून नेस्टरने एकतीस कापण्या केल्या होत्या. तो ओळखला तर आपणही त्याला आठवू, असा तिचा वेडा हिशेब होता.

फेब्रुवारीत ती तो फोटो काढायला गेली. कॅमेऱ्याची बॅटरी गारठू नये म्हणून कोटाच्या आत धरलेली, बर्फ गुडघाभर. हार्वेस्टर लाल, पण डावं दार हिरवं. हे कधी झालं, तिलाच आठवेना. ऊन त्याच बाजूला होतं, तिथूनच फोटो काढला.

गुरुवारी तिने तो नेस्टरच्या हातात दिला. शेजारी त्याची काळजी घेणारी मारिव्हिक सूप ढवळत होती.

"प्रोकॉपचं," नेस्टर म्हणाला.

ओडार्काने फोटोवर बोट ठेवलं. "नीट बघ रे. लाल आहे. शेजारच्या प्रोकॉपचा हिरवा होता."

"दार म्हणतोय मी, दार! प्रोकॉपच्या जुन्या यंत्राचं. बेट्याने एका दारापायी माझी अख्खी बाटली रिचवली."

"आणि आधीचं दार कुठं गेलं?"

"बायकोने ट्रक घातला त्यावर!" तो खो खो हसला. "वर मलाच म्हणते, तू मध्ये का उभा केलास?"

ओडार्काला झर्रकन सगळं आठवलं. ती धूळ, तो आवाज, आपला चढलेला पारा. तिने त्याचा हात घट्ट धरला. "अरे, मग ती बायको कुठे आहे?"

"आजोबा, बघा ना त्यांच्याकडे," मारिव्हिक हळूच म्हणाली.

नेस्टरने बराच वेळ बघितलं. मग हात अलगद सोडवून घेतला.

"येईल ती जेवण घेऊन. कापणी चालू असली की शेतावरच आणते. हा फोटो राहू द्या माझ्याकडे, तिला दाखवतो. जाम चिडेल." मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही निघा आता, बाई. रस्ता निसरडा आहे. घरी वाट बघत असतील तुमची."

"हो," ओडार्का म्हणाली. फोटो तिने त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती गरम जेवणाचा डबा घेऊन गेली, कापणीच्या दिवसांत न्यायची तसाच, फडक्यात बांधून. नेस्टरने पोटभर खाल्लं. मग खिशातला फोटो काढून तिच्यापुढे धरला.

"हे काय आहे हो, बाई?"

ओडार्काने सांगितलं. त्याने मान डोलावली आणि फोटोने टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागला.