भुऱ्याचं वाकडं शिंग

लटारूभाऊ वाढई ज्या दिवशी कुणाशी भांडत नाहीत, त्या दिवशी त्यांची बायको शकुबाई त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहते, असं आमच्या आळीत गमतीनं म्हणतात. भांडणाचं कारण मात्र ठरलेलं असतं. रंग.

सिंदेवाहीपासून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव आहे. एके काळी गावातले नांगर, वखर, बैलबंडीची चाकं सगळी लटारूभाऊंच्या हातची. ट्रॅक्टर आले आणि ते काम सरलं. मुलगा धनराज मूल गावात प्लायवूडची कपाटं बनवतो. त्या कामात भाऊंचा जीव रमला नाही. त्यांच्याकडे उरले ते तान्ह्या पोळ्याचे बैल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं ओळीनं उभी राहतात आणि मग घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्या बैलांसाठी लोक लटारूभाऊंकडे येतात. भाऊंचा बैल म्हणजे चार पाय आणि दोन शिंगं लावलेला ओंडका नसतो. तो गावातला कुणाचा तरी बैल असतो. कुणाचा बैल रवंथ करत बसला की भाऊ त्याच्यासमोर जाऊन बसत, इतका वेळ की मालकाला वाटावं, यांना बैल विकत घ्यायचा आहे. मग गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या, पोळीच्या, घड्या, किंचित मागे वळलेला कान, गुडघ्याचं हाड, सगळं शिवणीच्या लाकडात उतरे.

आणि लोक? लोक फक्त सांगत, केवढा उंच पाहिजे ते. घरी नेऊन त्यावर ऑइलपेंट थापत. घड्या बुजत, नाकपुड्या बुजत. भाऊ रस्त्यात असा बैल पाहून त्या घराच्या दारात जाऊन उभे राहत आणि विचारत, मी कोरलं ते कुठी गेलं? घरचे म्हणत, बैल तर तोच आहे ना भाऊ. हे ऐकून ते आणखी चिडत.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाला नागपूरच्या हस्तकला मेळ्यात जागा मिळाली. आम्ही मोहफुलाचे लाडू आणि तांदळाचे पापड घेऊन निघालो. कोपऱ्यात जागा होती, म्हणून मी भाऊंनाही त्यांचे बैल घेऊन चला म्हटलं. शेजारच्या दुकानात इंडोनेशियातून आलेला एक कारागीर होता. वायान त्याचं नाव. भाऊंच्याच वयाचा, बारीक अंगाचा. त्याच्याकडे लाकडी मुखवटे होते, नाचात घालायचे. कुणी हसणारा म्हातारा, कुणी राजा, कुणी दात पुढे आलेला खुळा. रंग असा गुळगुळीत की लाकूड आहे हे सांगावं लागे.

भाऊंनी एक मुखवटा उचलून उलटा केला. आतून कोरं लाकूड होतं, पटाशीचे घाव स्पष्ट दिसत होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि तिथंच त्यांचं डोकं फिरलं. एवढं चांगलं कोरून यानं स्वतःच का बुजवलं, म्हणून ते मलाच बोलू लागले. वायानबरोबर एक दुभाषी मुलगी होती. तिला हिंदी येत होती. मी तिला भाऊंचा प्रश्न सांगितला, जरा सौम्य करून.

वायाननं तो मुखवटा हातात घेतला आणि तो बराच वेळ बोलला. मुलीनं सांगितलं ते असं. रंग तो स्वतः लावतो. रंगाचा एक हात वाळला की घासायचा, मग दुसरा, असे कित्येक आठवडे. कोरणाऱ्यानंच रंगवायचं. दुसऱ्याच्या हातात ब्रश गेला की चेहरा मरतो. आणि मग तोही वैतागून सांगू लागला, की हे मुखवटे तोंडावर घालून नाचायचे आहेत, पण लोक भिंतीला टांगायला नेतात आणि सोफ्याला जुळणारा रंग आहे का विचारतात. हे हिंदीत ऐकल्यावर भाऊ मेळ्यात पहिल्यांदा हसले. पुढचे दिवस दोघं एकमेकांची हत्यारं हाताळत, आपापल्या भाषेत गिऱ्हाइकांना शिव्या देत बसले.

परत येताना बसमध्ये, गाव जवळ आल्यावर, भाऊ म्हणाले, "रीता, आता रंग मीच लावीन. मंग कोन कसा बुजवते ते पाहू."

रंगाचं काम त्यांना येत नव्हतं. पहिल्या बैलावर ओघळ आले. दुसऱ्याला रंग इतका पातळ झाला की बैल आजारी दिसू लागला. ते घासून काढत, पुन्हा लावत आणि सगळा राग शकुबाईवर काढत. शकुबाई म्हणाली, पोराच्या लग्नात घराच्या भिंती सारवायला सांगितल्या तर तुमचा हात दुखत होता. उन्हाळाभर आम्ही त्यांच्या अंगणात रंगाचे डाग असलेला एकच माणूस पाहिला, आणि तो कायम कावलेला असे.

पण त्यातूनच भुऱ्या झाला.

भुऱ्या हा सोमाजीभाऊंचा बैल. मातकट पांढरा, डावं शिंग खाली झुकलेलं. सोमाजीभाऊंनी ट्रॅक्टर आल्यावरही त्याला विकला नाही. तो आदल्या वर्षी म्हातारपणानं गेला. लटारूभाऊंनी तोच कोरला. अंगावरचा मातीचा रंग, मानेवर जुवानं पडलेला काळपट घट्टा, वेसणीची खूण, आणि ते खाली झुकलेलं शिंग. सोमाजीभाऊ पाहायला आले तेव्हा मी तिथं होते. ते उकिडवे बसले, बैलाच्या मानेवरच्या घट्ट्यावर अंगठा ठेवला. उठताना फक्त म्हणाले, "हा घरी आला पाहिजे." त्यांचा मुलगा प्रणित दुसऱ्याच दिवशी आपल्या लेकीसाठी, दिव्यानीसाठी, तो घेऊन गेला.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या मंडळानं ज्येष्ठ कारागीर म्हणून लटारूभाऊंनाच सजवलेल्या बैलांची बक्षिसं द्यायला बोलावलं. भाऊंनी धुतलेलं धोतर नेसलं. भुऱ्या कुठं उभा आहे, ते मंचावर चढण्याआधी पाहावं म्हणून ते ओळीतून फिरले. दोनदा फिरले तरी दिसेना. मग त्यांना दिव्यानी दिसली, नववारी नेसलेली, आणि तिच्या हातातल्या दोरीच्या टोकाला एक सोनेरी बैल. स्प्रेचा सोनेरी. पाठीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. दोन्ही शिंगं सरळ, चकचकीत प्लास्टिकची.

भाऊंनी प्रणितला बाजूला घेतलं. "शिंग काऊन कापलं?"

"काका, ते तुटल्यासारखं दिसत होतं," प्रणित म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "परीक्षक मार्क कापते ना. दोन्ही कापून नवीन बसवले. रंगही फिका होता."

"तो भुऱ्या होता."

"हो ना. आताही भुऱ्याच आहे."

तेवढ्यात माइकवरून पहिलं बक्षीस पुकारलं. दिव्यानीचं. भाऊ मंचावर गेले. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. पण पोरगी आनंदानं नाचत होती. त्यांनी तिच्या हातात बक्षिसाचं दप्तर दिलं, डोक्यावर हात ठेवला, आणि फोटोसाठी न थांबता मंचाच्या मागून उतरून घरी गेले. सोमाजीभाऊ गर्दीच्या मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

पुढे काही दिवसांनी सोमाजीभाऊ तो सोनेरी बैल घेऊन आले आणि हा पुन्हा पहिल्यासारखा होईल का, असं विचारू लागले. भाऊंनी सरळ नाही म्हटलं. सोमाजीभाऊंनी विनवलं तरी नाही म्हटलं.

गेल्या वर्षी भाऊंनी सूड घ्यायचं ठरवलं. पोळ्याच्या आधी लोक आले तसे त्यांनी ओंडके घेतले, करवतीच्या मशिनवर पाय आणि मान कापून काढली, डोळ्यांच्या जागी खिळ्यानं खड्डे पाडले, आणि झाले बैल. पोळी नाही, वशिंडाला उतार नाही, कान म्हणजे नुसत्या चिपा. ते दारात वाट पाहत बसत, की कुणी तरी येऊन म्हणेल, भाऊ, हे काय बनवून राह्यले? भांडायची पूर्ण तयारी होती.

कुणी आलं नाही. लोक बैल नेत होते, रंगवत होते. एकानं तर सांगितलं, यंदाचे बैल हलके आहेत, पोरांना ओढायला बरे पडतात.

त्या संध्याकाळी मी शकुबाईकडे तांदूळ पाखडायला गेले होते. भाऊ ओसरीवर बसून होते. "एकालेही समजलं नाई, रीता," ते म्हणाले. "इतके वर्ष मी कोनासाठी करून राह्यलो होतो?"

शकुबाईनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मले समजलं. लाज वाटली मले, लोकं ते घेऊन जात होते तवा."

भाऊ तिच्यावर खेकसले, की मग तेव्हाच का बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्ही बोलू देता कुठं.

न गेलेले तीन-चार ओंडकेबैल अंगणात पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकसानं लाकूड तासल्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले. भाऊंनी त्यातला एक पायांत धरला होता आणि त्याच्या गळ्याखाली घड्या काढू पाहत होते. पण मशिननं तिथलं लाकूड आधीच खाऊन टाकलं होतं. पोळीला जागाच उरली नव्हती. त्यांनी तो बैल चुलीजवळ फेकला, नवा ओंडका ओढला आणि मशिनला, प्रणितला, मंडळाला आणि स्वतःला शिव्या देत कामाला लागले.