मुतालिक म्हणजे कोण

आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा हवामान खात्यात होते आणि त्यांची बदली सांगानेरच्या विमानतळावरच्या कचेरीत झाली होती. त्याआधी आम्ही पुण्याला होतो, मूळचे कऱ्हाडचे. या दोन्ही गावांत आमच्या आडनावाकडे कुणी वळून पाहत नव्हतं. मुतालिक हे तिकडं कुलकर्णी-जोश्यांसारखंच एक आडनाव, फक्त जरा कमी आढळणारं, आणि म्हणून बाबांच्या मते जरा वरचं.

जयपुरात ते पहिल्याच दिवशी अडलं. चांदपोल बाजारामागच्या एका गल्लीत बाबा आणि मी घर बघायला गेलो. घरमालक शेठजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"शुभ नाम?"

"मुतालिक."

"किसके मुतल्लिक?"

बाबांना वाटलं, ह्यांना कमी ऐकू येतं. ते मोठ्यानं म्हणाले, "मुतालिक!"

"वही तो पूछ रहा हूँ साहब. किसके मुतल्लिक बात करनी है?"

उर्दूत मुतल्लिक म्हणजे 'विषयी' किंवा 'बाबत', हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. बाबांनी तेच एक नाव चारदा सांगितलं आणि शेठजींनी तोच एक प्रश्न चारदा विचारला. शेवटी हे आडनाव आहे हे शेठजींच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि घर कालच गेलं असं सांगितलं. दुसऱ्या घरी सरळच विचारलं, "मुसलमान हैं?" बाबा म्हणाले, ब्राह्मण आहोत. "ब्राह्मणों में ऐसा नाम?" तेही घर गेलं.

तिसऱ्या दारात बाबांनी प्रश्नाची वाटच पाहिली नाही. शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि जानवं ओढून बाहेर काढून दाखवलं. बाबा संध्या करत नसत. जानवं घालायचे ते आजीच्या धाकानं. भर रस्त्यात असं छाती उघडून उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घर मिळालं.

आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेत परतल्यावर बाबा आईला म्हणाले, "आज मी जानवं दाखवून घर घेतलं."

आई म्हणाली, "खिडक्या किती आहेत?"

पण बाबांच्या मनातून ते जाईना. आपलं आडनाव मुसलमानी वाटतं कसं, हा त्यांचा सवाल होता. घर नाकारणाऱ्याला 'मुसलमान असतो तर काय झालं असतं' असं विचारायला हवं होतं, हे त्यांना सुचायला पुढं चार वर्षं लागली. त्या वेळी त्यांनी आडनाव शुद्ध संस्कृत आहे हे सिद्ध करायचं ठरवलं. कचेरीत ते नव्या लोकांना शिकवायचे, आधी नोंद, मग अंदाज. घरी त्यांनी अंदाज आधी केला. 'मूल तालिका धारण करणारा तो मुतालिक' अशी व्युत्पत्ती त्यांनी काढली. म्हणजे दरबारातली अस्सल यादी ज्याच्या ताब्यात असायची, तो आपला पूर्वज. यादी कसली होती हे मात्र ठरेना. जयपुरातल्या मराठी लोकांचा गणेशोत्सव व्हायचा. त्यात 'आपली आडनावं आणि त्यांचं संस्कृत मूळ' या विषयावर बोलायचं त्यांनी कबूलही करून टाकलं.

पुरावा म्हणून त्यांनी कऱ्हाडच्या काकांकडून घरातली सनद मागवली. ही सनद आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांबरोबर पाटावर मांडत. शस्त्रं म्हणजे एक अडकित्ता आणि विळी. सनदेला दर वर्षी हळदकुंकू वाहिल्यामुळं ती वरच्या बाजूनं पार केशरी झाली होती. ती कुणी वाचली आहे का, हा प्रश्न घरात कधी निघाला नव्हता. काकांनी ती रजिस्टर पोस्टानं, नारळाएवढं पुडकं करून पाठवली. उघडली तर खाली चार ओळी मोडी आणि वर सगळी फारसी.

संस्कृतच्या पुराव्यासाठी आता फारसी वाचणारा माणूस शोधायला हवा होता.

कचेरीतल्या चपराश्यानं सांगितलं की घाटदरवाजाजवळ एक म्हातारे मौलवीसाहेब राहतात, शाळेत फारसी शिकवायचे, आता घरीच असतात. रविवारी सकाळी आम्ही गेलो. सनद रस्त्यात कुठं विसरून येतील म्हणून आईनं मला पाठवलं होतं. मौलवीसाहेब उंच, किडकिडीत, पांढरीशुभ्र दाढी, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी कागद उजेडाकडं धरला.

"यह लाल क्या है?"

"कुंकू," बाबा म्हणाले. "पूजा का."

"कागज़ की पूजा?" त्यांनी मान डोलावली. ह्यात चेष्टा होती की कौतुक, ते मला कळलं नाही. मग ते सावकाश वाचू लागले, आणि वाचून झाल्यावर जरा थांबले. वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टर थांबतात तसे.

ती सनद नव्हतीच. तो रस्त्याचा परवाना होता. अमुक सरदाराचा मुतअल्लिक एका घोड्यासह जात आहे, त्यास नाक्यांवर अडवू नये, एवढाच मजकूर. शेकडो वर्षं आम्ही एका पासाची पूजा करत होतो.

"मुतअल्लिक म्हणजे?" बाबांनी विचारलं.

मौलवीसाहेब खुलले. पुष्कळ दिवसांनी विद्यार्थी मिळाला होता. अरबीत ऐन, लाम, काफ अशी तीन अक्षरं घ्या, ते म्हणाले. अर्थ लटकणं, चिकटणं, जोडलं जाणं. त्यातूनच तअल्लुक म्हणजे संबंध, त्यातूनच इलाका. "और मुतअल्लिक, जो किसी से जुड़ा हो. किसी बड़े आदमी का आदमी."

"म्हणजे नायब," बाबा म्हणाले. त्यांना हा शब्द मोठ्या मिनतवारीनं सापडला होता.

"नायब कह लीजिए," मौलवीसाहेब भलेपणानं म्हणाले. मग त्यांच्यातल्या मास्तराला राहवेना. "आपका तालुका भी इसी से निकला है. और अलक़ कहते हैं जोंक को."

जोंक म्हणजे काय ते बाबांना कळलं नाही. मला शाळेतल्या हिंदीमुळं कळलं. "जळू, बाबा," मी म्हटलं.

थोड्या वेळानं बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. अरबस्तानात तरी हे नाव मोठ्या घराण्यांत असेल? मौलवीसाहेबांनी विचार केला. हा शब्द पत्रापत्रांत, कागदोपत्री पावलोपावली भेटतो, पण हे कुणाचं आडनाव असल्याचं त्यांनी तरी ऐकलं नव्हतं. "आपके यहाँ कितने हैं?" बाबांनी मोजून दाखवलं, सातारा, कऱ्हाड, खाली बेळगाव, धारवाड. सगळे ब्राह्मण. मौलवीसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शब्द अरबांचा, दरबार फारसी, आणि तो जिवापाड सांभाळला तो भात-वरण खाणाऱ्यांनी.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जळू हे मला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं." हा रोख सासरच्या कुणाकडं होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

व्याख्यान आठ दिवसांवर आलं होतं. विषय बदलता आला असता. आजारी पडता आलं असतं, आईनं तसं सुचवलंही. पण समोर नोंद आल्यावर अंदाज रेटत राहणं बाबांना जमत नव्हतं. ते उभे राहिले आणि सुरुवातीलाच म्हणाले, "माझा विषय चुकला आहे. मी आता बरोबर सांगतो." आणि त्यांनी परवान्यापासून जळवेपर्यंत सगळं सांगितलं.

इथपर्यंत लोक हसत होते, कारण आडनाव दुसऱ्याचं होतं. पण बाबा थांबले नाहीत. समोर बँकेतले, विम्यातले, लष्करातले चाळीसेक लोक बायकामुलांसह बसले होते आणि बाबा एकेका रांगेकडं बघत निघाले. इनामदार, त्यातलं इनाम अरबी. मुजुमदार, मजमुआ अरबी. मिरासदार, मिरास अरबी. चिटणीस, त्यातला नीस फारसी. ज्याचं नाव निघे त्याच्या घरची मंडळी ताठ होऊन बसत. शेवटी अध्यक्ष उठले. व्याख्यान माहितीपूर्ण होतं, ते म्हणाले, पण गणपतीसमोर ह्याची गरज होती का?

"'अध्यक्ष' संस्कृत आहे," बाबा म्हणाले. "काळजी नसावी."

पुढच्या वर्षी बाबांना व्याख्यानाला बोलावलं नाही. काकांना पत्रानं सगळं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की कागद परत पाठव, दसरा जवळ आला आहे. पासाचीही पूजा व्हायला हरकत नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. पण बाबांनी कागद पाठवला नाही. त्यांना तो स्वतः वाचायचा होता. दर रविवारी ते मौलवीसाहेबांकडं फारसी शिकायला जाऊ लागले. चार वर्षं जात राहिले. उच्चार शेवटपर्यंत कऱ्हाडीच राहिला, पण मौलवीसाहेबांनी कधी कंटाळा केला नाही. ते एकटे होते. मुलगा कराचीला, त्याचं महिन्याकाठी एखादं पत्र यायचं. ते पत्र ते बाबांना वाचायला देत, सरावासाठी.

मग पासष्ट साली लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. रेडिओवरून हवामानाच्या बातम्या बंद झाल्या, कारण पाऊस पडणार की नाही हेही आता गुपित होतं. आणि एका दुपारी साध्या कपड्यांतले दोन गृहस्थ आमच्या घरी आले. कुणीतरी निनावी पत्र धाडलं होतं. विमानतळावर काम करणारा एक इसम, नावानं संशयास्पद, दर रविवारी अशा माणसाकडं जातो ज्याला कराचीहून पत्रं येतात.

आईनं चहा टाकला. दोघांतल्या मोठ्यानं वही उघडली. "उन मौलवी से आपका क्या तअल्लुक है?"

आईनं स्वयंपाकघराच्या दारातून बाबांना खुणावलं, थोडक्यात सांगा. पण चार वर्षं अभ्यास केलेल्या माणसाला नेमका हाच शब्द विचारला होता. बाबांनी ऐन, लाम, काफपासून सुरुवात केली. गृहस्थांनी आधी लिहून घेतलं, मग लिहायचं थांबवलं. मग बाबांनी कागद आणून दाखवला.

"इसमें क्या लिखा है?"

"कि इस आदमी को रोका न जाए," बाबा खरं तेच म्हणाले.

गृहस्थांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दुसरा जरा तरुण होता. त्यानं खिशातून ते निनावी पत्र काढून मोठ्याला हळूच विचारलं, "सर, यह 'मदत' क्या होता है? लिखा है, दुश्मन को मदत करता है."

हिंदीत मदद म्हणतात. मदत म्हणणारा माणूस कुठला, हे आम्हा तिघांनाही त्याच क्षणी कळलं. आईनं कपबशा खाली ठेवल्या. बाबांचा चेहरा उतरला. शेठजींच्या दारात उतरला नव्हता इतका. मग म्हणाले, "मदद. वह भी अरबी है."

पुढं काही झालं नाही. वही मिटली, चहा प्यायला गेला. पण दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनी बाबांना बोलावून तोंडी सांगितलं की लढाई आहे तोवर घाटदरवाजाकडं जाऊ नका. लेखी काही नाही, सल्ला समजा. बाबांनी सल्ला मानला. लढाई तीनएक आठवड्यांतच संपली, पण बाबा नंतरही गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ? एवढ्याशानं सुटला संबंध."

दिवाळी झाली. एका रविवारी आईनं डब्यात चकल्या भरल्या आणि डबा त्यांच्या हातात दिला. "तुम्ही जात नसाल तर मी जाते," ती म्हणाली. ती आजवर कधी त्या बाजूला गेली नव्हती. मग आम्ही तिघंही गेलो.

मौलवीसाहेबांनी दार उघडलं. त्यांच्याकडंही ते साध्या कपड्यांतले दोघं जाऊन आले होते आणि कराचीची सगळी पत्रं घेऊन गेले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. नवं पत्र अजून आलेलं नव्हतं. बाबा उंबऱ्यातच माफी मागू लागले. दोन महिने मनात जुळवलेलं वाक्य असावं, फारसीत होतं. मौलवीसाहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फ़ेल ग़लत है," ते म्हणाले. क्रियापद चुकलं आहे. आणि आईसाठी खुर्ची आणायला ते आत गेले.