नाण्याला गाव विचारणारे आप्पा

आप्पा नाण्याशी बोलायचे. म्हणजे अगदी दारात पाहुणा आल्यासारखे. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं, की एखादं काळंकुट्ट, झिजलेलं नाणं तळहातावर घ्यायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि म्हणायचे, "बोला पाव्हणं, कुठलं गाव?" पहिल्यांदा मी भिंतीपलीकडून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, खरंच कोणी आलंय. शेजारधर्म म्हणून चहाचे दोन कप घेऊन गेले, तर खोलीत एकटे आप्पा. जराही ओशाळले नाहीत. "ठेवा दुसराबी," म्हणाले, "पाव्हणं दोन हजार वर्षं चालत होतं. दमलं असंल."

आता आप्पा नाहीत. पण त्या खिडकीत ऊन आलं की मला अजून ते बोलणं ऐकू येतं.

त्यांचा सगळा जन्म दौंड स्टेशनात, चौकशीच्या खिडकीमागं गेला. पिशव्या सांभाळत, धापा टाकत माणूस यायचा, "साहेब, गाडी कवा हाय?" आप्पा म्हणायचे, "गाडीचं मागनं बघू. आधी गाव सांगा." गाव कळलं की माणूस निम्मा कळला, असं त्यांचं म्हणणं. रिटायर झाल्यावर शिरूरला आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं. बायको आधीच गेलेली, मुलगी लांब दिलेली. मग काय, सकाळचा चहा आमच्याकडचा ठरला आणि मी त्यांची वैनी झाले.

एकदा म्हणाले, "वैनी, पुण्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन हाय. येता का?" मला वाटलं, काचेच्या पेट्या बघायच्या आणि परत यायचं. तिथं जाऊन बघते तर आठवडेबाजारच की! मोठा हॉल, टेबलामागून टेबलं, व्यापारी बोलावतायत, माणसं भिंगं घेऊन वाकलेली. चकचकीत चांदीपाशी ही गर्दी! आप्पा मात्र कोपऱ्यातल्या एका टेबलाशी थबकले. तिथं स्टीलच्या वाडग्यात ग्रीक आणि रोमन नाणी एकात एक मिसळून ठेवलेली, चिंचोक्यांसारखी. व्यापारी म्हणाला, "बाबा, ये सब घिसा हुआ है. पहचान नहीं होगी." आप्पा म्हणाले, "म्हणून तर आलो." मूठभर घेतली. परत येताना रांजणगावला कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, एसटी जागची हलेना, आणि हे रुमालातली पुरचुंडी मांडीवर धरून बसलेले, झोपलेलं लेकरू धरावं तसे.

मग रोज एकेका नाण्याला बोलतं करणं सुरू झालं. मला समजावून सांगायचे, "रोमचं सोपं हाय वैनी. राजाचं तोंड आन् भवती त्याचं नाव. आधार कार्डच समजा. ग्रीक लोकांचं न्यारं. त्यांचं गाव आपली खूण टाकायचं. मधमाशी दिसली की इफिसस. खेकडा दिसला की अक्रागास." अक्षरं झिजली असली तरी पाय मोजून, पंख चाचपून ते गावापर्यंत पोचायचेच. आणि पोचले की तिथंच राहायचे हो! जेवताना मध्येच म्हणायचे, "इफिससला आता फुलोरा आला असंल." ऐकून ऐकून मीही बिघडले. दुपारी जरा लवंडले की आमच्या घोड नदीच्या काठी गलबतं लागायची, बायका टोपल्या घेऊन उतरायच्या, आणि आप्पा काठावर उभे राहून एकेकीला गाव विचारत असायचे.

पण एका नाण्यानं काही गाव सांगितलं नाही. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी. तिला गावोगाव मानायचे, म्हणून तिच्यावरून काही ठरेना. दुसऱ्या बाजूला घागर. पोट फुगीर, वर तोंड. मीही भिंगातून बघितलं. "घागरच हाय आप्पा," म्हटलं, "आपण पाणी भरतो तसली." आप्पांनी मोबाइलवर घड्यांची सगळी गावं धुंडाळली. पण त्या लोकांच्या घड्यांना दोन-दोन कान. आमच्या घागरीला कानच नाहीत!

त्यातच आप्पांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधाच्या थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकवायची. कडेनं अंधार येत चालला होता. आप्पा कोणाजवळ रडले नाहीत. फक्त एक दिवस नाणं मुठीत धरून म्हणाले, "एवढं एक गाव कळू द्या. त्याला असं बिनगावाचं ठेवून कसं जाऊ मी अंधारात?"

नजर काही टिकली नाही. पुढं पुढं तर समोर कोण उभं आहे हेही आवाजावरून ओळखायचे. भिंग फडताळात गेलं. नाणं मात्र सदऱ्याच्या खिशात.

त्या साली आमच्या बागेत डाळिंबाचा माल निघाला, तेव्हा मी आप्पांनाही शेतावर नेलं. घरात बसून माणूस आणखी विझतो. शेडमध्ये डाळिंबांचे ढीग, बाहेर दुपार सुस्तावलेली. आप्पांच्या हातात फडकं दिलं आणि म्हटलं, फळं पुसा. एकेक फळ इतक्या सावकाश पुसत होते, की माझा थोरला म्हणाला, "आप्पा, पुसताय का कुरवाळताय?"

"तुझं काम कर रं, कंत्राटदार," आप्पा म्हणाले आणि एकदम थांबले. त्यांचा अंगठा डाळिंबाच्या टोकाशी होता, कातरलेली टोपी असते ना, तिच्यावर. एकदा फिरवला. परत फिरवला. खिशातून नाणं काढलं, त्यावर तोच अंगठा फिरवला.

"वैनी," आवाज अगदी बारीक झालेला, "ही घागर न्हाई. तोंडाला दातं हायती."

मी नाणं उन्हात धरलं. आता दिसलं! सगळा जन्म डाळिंबात गेला आणि मला घागर दिसत होती. थोरल्यानं हातातलं क्रेट खाली ठेवून मोबाइल काढला. शोधता शोधता तसलीच नाणी समोर आली. इकडं शिरस्त्राणातली देवी, तिकडं डाळिंब. गाव सिदे, तुर्कस्तानात. तिथल्या जुन्या बोलीत त्या नावाचा अर्थही डाळिंबच, असं त्यानं वाचून दाखवलं.

"कसं हाय गाव?" आप्पांनी विचारलं.

मी फोटो बघून सांगत गेले. समुद्राच्या कडेला देवळाचे पांढरे खांब उभे आहेत आप्पा, छत पडलंय, पाणी अगदी पायाशी आलंय, निळंशार.

आप्पा मान हलवत होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "आधीच ध्यानात आलं असतं तर तुम्हाला डोळ्यांनी बघायला मिळालं असतं."

"असू द्या. ज्यानं हा ठसा कोरला, त्यानंबी आधी डाळिंब हातातच घेतलं असंल की. असंच चाचपलं असंल." मग हातातलं फळ त्यांनी माझ्यापुढं केलं. "घ्या, फोडा आता. गाव कसं लागतंय बघू."

मी दाणे वाटीत काढायला लागले, तर वाटी नको म्हणाले, हातावर द्या. एकेक दाणा तोंडात टाकत होते. लाल रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, त्याची शुद्ध नव्हती.

"काय आप्पा, गोड हाय का?" थोरल्यानं विचारलं.

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

"थांब रं जरा," म्हणाले. "आत्ताशी समुद्र दिसाया लागलाय."