दोन कुत्री घेऊन लातूरहून समुद्राकडे

दादाची बदली नांदेडला झाल्याचं कळलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो कुत्र्यांचा. लातूरचं आमचं भाड्याचं घर बैठं, पुढे अंगण. नांदेडला मिळणारा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी, एवढे मावलो असतो. पण गबरू आणि चिंगीचं काय? दोघं गावठी. गबरू बारा वर्षांचा, तपकिरी, शांत. चिंगी वर्षाची, पांढरी. शांत हा शब्द तिला लागू नाही.

वहिनींचं म्हणणं, दोघांना लातूरजवळच्या मुरुडला आई-बाबांकडे सोडावं. मुलांनी जेवण सोडायची धमकी दिली. दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर तंबू लावून राहायचं आधीच ठरलं होतं, तेव्हा वहिनींनीच तोडगा काढला.

"कुत्री बी घ्या संगं. गाडीत अन् तंबूत नीट राहिली तर फ्लॅटमध्ये बी राहतील. न्हाई तर येताना मुरुडला उतरवायची. मंजूर?"

मुलं नाचली. मला दोघंही नांदेडला हवी होती. त्यामुळे परीक्षा कुत्र्यांची असली तरी अभ्यास मी केला. लसीकरणाचे कागद, जुन्या चादरी, घाण उचलायच्या पिशव्या, दोन जादा दोऱ्या, दहीभात. निघण्याआधी दोघांना उपाशी ठेवायचं, हेही डॉक्टरांना विचारून घेतलं.

पहाटे निघालो. पहिला थांबा मुरुड. आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली होती. गाडीत डोकावून म्हणाली, "माणसायला समुद्र दिसंना, अन् हे कुत्रे निघाले बघा!"

मला तिसरीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. शाळेत मी थेट चौथीत बसले. त्यामुळे ते अजूनही मला कुठेही प्रश्न विचारतात. फाटकातून ओरडले, "भरती-ओहोटी कशामुळं?"

"चंद्रामुळं, बाबा."

"शाब्बास. निघा."

मुरुडहून बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण, सातारा असा रस्ता. मधे कुठे कुठे काम चालू आहे, वेळ हातात ठेवा. अकलूजच्या पुढे गबरूने ओकारी काढली, तीही नेमकी चादरीवर. वहिनी म्हणाल्या, "बघा, जागा बघून ओकला." मी मनात त्याला गुण दिले. चिंगीने तोपर्यंत वहिनींच्या नव्या चपलेचा पट्टा खाल्ला होता.

मुक्काम उंब्रजजवळ. कुत्री बघून दोन लॉजवाल्यांनी हात जोडले. मग फोन करून विचारलेल्या तिसऱ्यानेही दारात चौकशी केली, "चावतात का हो?"

सहा वर्षांचा सम्यक प्रामाणिकपणे म्हणाला, "चिंगी चावते, पण फक्त आमच्या घरच्यांना."

खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. वळणावळणाला गबरूचं डोकं माझ्या मांडीवर थरथरत होतं, पण त्याने आवाज काढला नाही. चिपळूण ओलांडून दुपारी गुहागरच्या अलीकडच्या एका गावात पोहोचलो. तिथल्या एक काकू आपल्या माडांच्या बागेला लागून तंबू लावू देतात आणि जेवण करून घालतात. त्यांनी सुरूच्या झाडांखालची जागा दाखवली. तिथे मुळ्या, बारीक काटक्या, आणि समुद्र झाडांमधून तुकड्यातुकड्याने दिसणारा.

खाली मात्र लांबच लांब सपाट, घट्ट वाळू होती. दादा म्हणाला, "एवढी साफ जागा सोडून मुळ्यांत कशाला मरायचं?"

कुणालाच यात काही चुकीचं वाटलं नाही. आम्ही दरवर्षी मांजरा धरणावर जातो. पाणी हटलेल्या सपाट जागेवर सतरंजी टाकतो. आमच्याकडे पाणी एकदा मागे गेलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. तंबू पाण्यापासून चांगला लांब लावला. चिंगीला तंबूच्या खुंटीला बांधलं. गबरू ओल्या वाळूत बसला; त्याला बांधायची गरज नव्हती.

वर काकूंच्या ओट्यावर जेवायला बसलो. तळलेला बांगडा, भात, सोलकढी. नऊ वर्षांच्या आर्याने वाटी हुंगून विचारलं, "आत्या, दूध नासलं का गं हे?" मग तीच तीन वाट्या प्यायली. तेवढ्यात खालून चिंगीचं भुंकणं सुरू झालं. थांबेचना.

"झालं सुरू हिचं," वहिनी म्हणाल्या. "फ्लॅटमध्ये अशी बोंबलली तर लोक आपल्यालाच हाकलतील. नापास."

काकूंनी वाढता वाढता विचारलं, "तंबू वरच लावलात ना?"

आम्ही हात न धुता पळालो.

तंबूचा तळ पाण्यावर डुलत होता. दादा वाहत निघालेल्या गादीमागे धावला. चिंगीची ओली गाठ सुटेना, तेव्हा कुत्र्याला कधी हात न लावणाऱ्या वहिनींनी खुंटीच उपटली आणि तिला काखेत मारून निघाल्या. "गप, गप! आले न मी! किती बोंबलून राहिली!"

गबरू होता तिथेच होता. पाणी पोटाला लागलेलं. मी हाक मारली तर त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढचे पाय रोवले, जोर केला. मागचे पाय आलेच नाहीत. पुन्हा केला. मी त्याला उचललं तेव्हा त्याचं काळीज माझ्या हाताला धडधडताना लागत होतं.

वर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "ही बोंबलली नसती तर तंबू गेला असता. अन् गबरूची सबुरी बघा, पाण्यात बी जागा सोडली न्हाई!"

मला आधी त्याच्या पायांची खात्री करायची होती. संध्याकाळी दादाने बाबांना फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून मला प्रश्न आला, "ओहोटीनंतर काय येतं?"

पुढचे दोन दिवस छान गेले. तंबू सुरूखाली, गाद्या माडांना टेकवून वाळत. चिंगी खेकड्यांमागे, मुलं चिंगीमागे. कुत्र्यांना खारं पाणी पिऊ देऊ नका. गोड्या पाण्याचं भांडं जवळ ठेवा, पोहून आल्यावर अंग त्याच पाण्याने धुवा. उन्हं चढली की वाळू पायाला भाजते. मी मात्र गबरूकडे बघत होते. उठायच्या आधी तो झाडाला अंग टेकवायचा. परत निघताना गाडीचं दार उघडलं तर त्याने तोंड फिरवलं. उचलूनच ठेवावं लागलं.

मुरुडला चहाला थांबलो तिथे वहिनींनी निकाल लावला. "पास. दोघं बी."

मुलांनी गल्ली डोक्यावर घेतली. गबरू अंगणातल्या निंबाखाली जाऊन आडवा झाला. निघायची वेळ झाली, मी त्याच्याजवळ गेले, आणि माझ्याने त्याला उचलवेना.

"वहिनी, गबरूला इथंच राहू द्या."

"आत्या!" आर्या ओरडली. "तूच म्हणायचीस दोघं पाहिजेत!"

"म्हणत होते. पण त्याच्यानं उठवत नाही गं. पाण्यात पण तो शहाणपणानं नव्हता बसला. तीन मजले कसा चढेल?"

बाबा गबरूशेजारी बसले, त्याच्या मागच्या पायांवरून हात फिरवला आणि मान हलवली. वहिनी येऊन गबरूजवळ उभ्या राहिल्या. मग दादाला म्हणाल्या, "अहो, त्याची चादर काढा गाडीतली."

आता लातूरला खोकी भरणं चालू आहे. चिंगी रोज एक खोकं फाडते, वहिनी रोज तिला नापास करतात. कुत्री घेऊन समुद्रावर जावं का, असं विचाराल तर जरूर जा. फक्त शांत कुत्र्याकडे जास्त लक्ष ठेवा. बोंबलणारं आपलं आपण सांगतं.

मी दिवसातून दोनदा मुरुडला फोन लावते.

"काय करतोय?"

"निंबाखाली झोपलाय," बाबा म्हणतात. "उठवू का?"

"नको, बाबा. झोपू द्या."